वहीतला खोडलेला कान

डॉक्टरांच्या जाड वहीत पहिल्या पानावर माझा कान होता. उजवा. त्या पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ आहे. ती त्यांनी माझ्यादेखत मारली. तिला कारण मीच, हे मी कबूल करतो. पण एवढ्या लांब रेघेची गरज नव्हती, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. कोपऱ्यात एक फुली चालली असती.

मी गवताचा व्यापारी. कल्याणच्या रेल्वे यार्डात डोक्यावरून भारे वाहून सुरुवात केली आणि पस्तिशीच्या आत डोंबिवलीला रुळांच्या कडेला स्वतःची वखार घातली. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, थोडी कौलारू घरं आणि मग भातशेतं. दसऱ्याच्या सुमारास गावोगाव हिंडून माळावरचं गवत उभंच विकत घ्यायचं, कापायचं, वाळवायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे, हा धंदा. तो मला कोणी शिकवला नाही आणि त्यासाठी कोणी भांडवल दिलं नाही. जे मिळालं ते बोलून मिळवलं. घासाघीस म्हटलं की लोक नाक मुरडतात. मी नाही मुरडत.

कान लहानपणीच गेला होता. सहा-सात वर्षांचा असताना गोवर आला, गोवर गेला आणि उजवा कान वाहू लागला. आईने लसूण घालून कढवलेलं तेल घातलं, तुळशीचा रस घातला, शेजारणीने सांगितलं ते सगळं घातलं. कान काही थांबला नाही. महिनाभर बरा असायचा, मग एका सकाळी उशी ओली. मोठेपणी मी त्यात अत्तराचा फाया ठेवायला लागलो. लोक मला शौकीन समजत. फाया कशासाठी आहे हे फक्त मला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं. माझ्या उशीचा अभ्रा ती रोज वेगळा धुवायची आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही.

धंद्यात मात्र तो कान माझ्या कामाचा होता. गवतवाल्याने भाव सांगितला की मी उजवा कान पुढे करून विचारायचो, "काय म्हणालात?" तो पुन्हा सांगायचा. मी पुन्हा विचारायचो. तिसऱ्यांदा सांगताना माणूस स्वतःच्याच आकड्याला लाजतो. तेवढ्यात मी माझा आकडा टाकायचो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका तबेलेवाल्याने माझ्या वखारीत बोलता बोलता खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. गवताची धूळ म्हणून नव्हे. त्याची खुर्ची माझ्या उजव्या बाजूला होती आणि त्या दिवशी मी फाया विसरलो होतो. त्याला मी त्या दिवशी भाव कमी करून दिला, का ते आजही सांगता येत नाही. तो गेल्यावर मी हातातला गवत ओढायचा काटा भिंतीवर आपटला आणि ठरवलं, हा कान बंद करायचा.

ठाण्याला खाडीच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे दर बुधवारी मुंबईहून एक कान-नाक-घशाचे डॉक्टर यायचे. खाडीकाठची माणसं, मिठागरातली माणसं, विठ्ठलवाडीच्या बाजूला छावणीत राहणारी निर्वासित माणसं, सगळ्यांची गर्दी असे. डॉक्टर माझ्याच वयाचे, बारीक, खालच्या आवाजात बोलणारे. कपाळावर मधोमध भोक असलेला गोल आरसा बांधायचे आणि त्यातून माणसाच्या कानात उजेड पाडून बघायचे. माझ्या कानात त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पडद्याला भोक आहे," ते म्हणाले. "मसुराच्या डाळीएवढं. कडा निबर झाल्यात, म्हणून ते आपण होऊन भरत नाही."

"मग?"

"कान आधी पूर्ण कोरडा करायचा. मग त्या कडा औषधाने किंचित जाळायच्या आणि भोकावर कागदाचा गोल तुकडा ठेवायचा. सिगारेटचा असतो ना, तसला पातळ कागद. कागदाच्या आधाराने नवी कातडी सरकत येते. काही लोकांनी करून बघितलंय. आपल्याकडच्या असल्या जुनाट कानांना ते लागू पडतं का, हे मला बघायचंय."

"किती घेणार?"

"काही नाही."

फुकट मिळणाऱ्या वस्तूची मला भीती वाटते. समोरच्याचा फायदा कशात आहे ते कळल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही. "मग यात तुमचं काय?" मी विचारलं.

त्यांनी टेबलावरची नवी कोरी जाड वही दाखवली. "यात लिहिणार. भोक बुजतं का, आणि बुजलं तर माणसाला जास्त ऐकू येतं का. कान वाहायचा थांबला पण ऐकू येणं वाढलं नाही, तर लोकांच्या कानात जळजळीत औषध घालण्यात अर्थ नाही. तेव्हा तुमच्याकडून मला एकच हवंय. विचारीन त्याचं खरं उत्तर."

मी म्हटलं, ठीक. आणि पहिल्या पानावर माझा कान चढला.

परीक्षा अशी होती. फरशीवर खडूने हात-हात अंतरावर रेघा मारलेल्या. मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं, नर्सबाईंनी माझ्या डाव्या कानात बोट घालून ते हलवत राहायचं, म्हणजे तो कान कामातून गेला. डॉक्टर माझ्या उजव्या बाजूला लांबच्या रेघेवर उभे राहून कुजबुजत एक आकडा सांगणार. तो मी परत म्हणायचा. नाही ऐकू आला तर ते एक रेघ पुढे येणार.

आता तुम्हीच सांगा, गवताच्या व्यापाऱ्याच्या कानात कोणी हळूच आकडा सांगावा?

तिसऱ्या रेघेवरून ते कुजबुजले, "अठ्ठेचाळीस." मला ऐकू आलं. लख्ख नाही, पण आलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "बेचाळीस."

डॉक्टरांनी वहीत चूक मांडली. एक रेघ पुढे आले. "त्रेसष्ट." मी गप्प बसलो. आकडा ऐकल्याबरोबर उत्तर द्यायचं नाही, हे वीस वर्षांत हाडात मुरलेलं. आणखी पुढे आले, अगदी पहिल्या रेघेवर. तिथे मात्र मी बरोबर आकडा सांगितला, नाही तर ते मला साफ बहिरा ठरवून परत पाठवतील अशी भीती वाटली.

पहिली चूक आपोआप झाली हे मी शपथेवर सांगतो. पण ती दुरुस्त करायची मला इच्छा झाली नाही. पैशाची बोलणी नव्हतीच. मग बोलायला उरलं काय होतं माझ्याकडे? कानच. जितका वाईट दाखवू तितकी जास्त मेहनत घेतील, असा माझा हिशेब.

पुढचे दोन महिने कान कोरडा करण्यात गेले. दर बुधवारी स्पिरिटने पुसायचा, पांढरी पूड फुंकायची. आंघोळीच्या वेळी तेलात भिजवलेला बोळा. मग एका बुधवारी त्यांनी लांब सळईच्या टोकाला औषधाचा ठिपका घेऊन तो आत टेकवला. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी चिमट्याने कागदाचा तो चिमुकला गोल उचलला, श्वास रोखला आणि ठेवला.

त्या क्षणी खोली मोठी झाली. याहून वेगळं मला सांगता येत नाही. उजवीकडे इतकी वर्षं एक गोधडी टांगलेली होती, ती कोणी उचलली. स्पिरिटच्या दिव्याचा फुरफुर आवाज. डॉक्टरांची बाही टेबलावर घासली तो आवाज. बाहेर बाकावर कोणीतरी सुपारी कातरत होतं, ती कातर.

"काही फरक?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की माझ्या आतला व्यापारी ताबडतोब सावध झाला. ज्याला आपला माल आवडावा असं वाटतं, त्याच्यापुढे मालाची स्तुती करायची नसते.

"आहे तसंच आहे," मी म्हणालो.

कागद दर काही आठवड्यांनी बदलावा लागे. असे चार-पाच झाले. कान वाहायचा थांबला तो थांबलाच. एका सकाळी बायको उशीचा अभ्रा हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"अहो, तीन आठवडे झाले, मी हा वेगळा धुतलेला नाही. इतरांबरोबर धुते." तिने तो नाकाला लावला आणि हसायला लागली. "डॉक्टरांना सांगितलंत ना? ऐकूही येतंय तुम्हाला. परवा मी माजघरातून पुटपुटले, तर तुम्ही उत्तर दिलंत."

"सांगेन," मी म्हटलं.

आणि सांगितलं नाही. उलट शेवटच्या परीक्षेलाही मी पहिल्याच रेघेची वाट बघत बसलो. वाटत होतं, पुरतं बरं झालं म्हटलं की वही मिटतील. आणखी एखादा कागद, आणखी एखादी पूड, मापावर एक मूठ वर घालून मिळाली तर का सोडावी?

त्या दवाखान्याच्या बाकावर मला एक ओळखीचं माणूस भेटायचं. दिवा स्टेशनच्या बाजूला खाडीलगतच्या गावातली बाई, पन्नाशीची, काटक. घरचं मिठागर होतं, वर माळ होता, आणि त्या माळाचं गवत मी दरवर्षी घ्यायचो. ते घेताना दरवर्षी माझा घाम निघायचा. मी ज्यांच्याशी सौदे केले त्यांत तिच्याइतकं चिवट कोणी नाही. पहिल्या दिवशी मला तिथे बघून ती मोठ्याने म्हणाली, "शेट, तू हितं? तुजा पन कान फुटका? मना वाटलं तू सोंगच करतंस."

"हळू बोल, बाय," मी म्हटलं. "लोक ऐकतायत."

"मना कुटं आयकू येतंय हळू नि मोठ्यान!"

तिचे दोन्ही कान वाहायचे. ती धवलारीण होती. तिच्या खाडीकाठच्या लोकांच्या लग्नांत भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळद, मांडव, नवरीला उभी करणं, प्रत्येक वेळी ती धवल्याची, म्हणजे लग्नगाण्याची, एक ओळ म्हणते आणि मागे बसलेल्या बायका ती उचलून धरतात. त्यांची संपली की ती पुढची म्हणते. तीस वर्षं तिने गावोगावची लग्नं लावली होती. पण त्या वर्षी एका मांडवात मागच्या बायकांची ओळ संपायच्या आतच तिने पुढची सुरू केली. एकदा नव्हे, तीनदा. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर दिव्याच्या एका घराने तिला न सांगता दुसरी धवलारीण बोलावली.

"पुडच्या सराईला मी उबी नाय ऱ्हायली," ती मला म्हणाली होती, "तं मना परत कोन बोलवनार नाय. घरा तुटतील."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तीन महिने कानाला पाणी लागू देऊ नका, कान सुकले की कागद ठेवू. खाडीत आणि मिठागरात जन्म गेलेल्या बाईला हे सांगणं सोपं, करणं अवघड. तिने केलं. पाण्यात पाऊल टाकलं नाही, डोक्यावरून आंघोळ केली नाही, डोक्याला घट्ट फडकं बांधून उन्हात बसून मुलांना मिठागरावरून हुकूम सोडत राहिली. चैत्रात तिचे कान सुकले. ज्या बुधवारी माझी शेवटची परीक्षा झाली, त्याच बुधवारी तिला कागद ठेवायचा होता.

मी खोलीतून बाहेर येऊन बाकावर टोपी नीट करत बसलो. ती माझ्या उजवीकडे होती. तिने समोर बघत, ओठ न हलवल्यासारखं करत, अगदी बारीक आवाजात म्हटलं, "यंदाचा गवत शेटला अर्ध्या भावान देवाचा बोलतंय."

मी गर्रकन वळलो. "काय म्हणालीस?"

ती इतकी हसली की बाकावरचे सगळे बघायला लागले. "जागा हाय! कान तुजा जागा हाय रं! आता करशील मना बहिऱ्याचा सोंग?"

मीही हसलो. पकडलो गेलो तरी बरं वाटलं. तेवढ्यात तिला आत बोलावलं.

ती लगेच बाहेर आली. कागद ठेवायला जितका वेळ लागतो त्याच्या पावही नाही. फडकं सोडून हातात घेतलेलं होतं. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर कागद ठेवणं थांबवतायत. पहिल्या रुग्णाचं, म्हणजे माझं, भोक छान बुजलं पण ऐकू येणं तसूभर वाढलेलं नाही. उगाच कोणाच्या कानात औषध जाळायचं नाही म्हणाले.

मी घरी आलो. वखारीत दोन माणसांवर विनाकारण ओरडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंबिवलीला आली, चपला हातात, फाटकातून सरळ माझ्या गादीपर्यंत.

"डाक्टरला तू काय सांगलंस?"

"माझा कान आहे. मी काय वाट्टेल ते सांगेन!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाहेर गाडीचा बैल बिथरला. "तुझ्या बापाचं काय जातं?"

तिने मला ओरडू दिलं. तिला निम्मंच ऐकू आलं असावं, पण चेहऱ्यावरून सगळं कळलं. मग ती खाली बसली.

"माज्या गवताचा सौदा करतंस तं कर," ती म्हणाली. "माज्या कानाचा नको करू."

मी हिशेबाची वही पुढे ओढली.

"नाय तं असा कर. यंदाचा सगला गवत तू घे. फुकट. पन डाक्टरला खरा सांग."

फुकट! सगळं आयुष्य घासाघीस करण्यात गेलेली ती बाई, जिने मला कधी एक पेंढी सोडली नव्हती, ती मला अख्खा माळ फुकट द्यायला निघाली होती. मला जितकी शरम वाटली तितका रागही आला. म्हणजे खरं बोलण्याचे मी पैसे घेईन, अशी माझी पत. आणि ती चुकीची तरी कशी म्हणू?

"उठ," मी म्हटलं. "गवताचं बोलणं दसऱ्याला. तेव्हा मी तुला रडवीन. आत्ता जा."

पुढच्या बुधवारी पहिल्या गाडीने ठाण्याला गेलो. रांग लागायच्या आधीच आत शिरलो.

"डॉक्टरसाहेब, मला ऐकू येतं."

"किती?"

"सगळं. पहिला कागद ठेवलात तेव्हापासून."

त्यांनी आरसा कपाळावरून काढला. "आणि त्याच्या आधी?"

"तुम्ही लिहिलंत त्याहून जास्त येत होतं. तिसऱ्या रेघेवरून. अठ्ठेचाळीस म्हणालात. मी बेचाळीस म्हटलं."

"का?"

याचं उत्तर मी आजवर तीन प्रकारे देऊन पाहिलंय. त्या वेळी तोंडून खरं निघालं. "आकडा होता ना. उतरवून सांगितला."

ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत. कपाटातून दोन लोखंडी काटे काढले, भजनातल्या चिमट्यासारखे, अगदी एकसारखे. ते आपटले की एकाच सुरात घुमतात. मला डोळे मिटायला सांगितले. यातली गोम त्यांनी मला मागाहून उलगडून सांगितली. एक काटा चांगल्या कानापासून जरा लांब धरायचा, दुसरा वाईट कानाच्या अगदी जवळ. दोन्ही घुमत असले की माणसाला जवळचाच तेवढा कळतो. वाईट कानाचं सोंग घेतलेला माणूस म्हणतो, काहीच ऐकू येत नाही. तिथे तो पकडला जातो, कारण तो कान खरंच बहिरा असता, तर चांगल्या कानाने लांबचा काटा ऐकलाच असता.

"कुठे ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे. छान येतंय." मालाची स्तुती मी पहिल्यांदाच केली.

"ही परीक्षा पलटणीतून सुटायला बघणाऱ्यांसाठी आहे," डॉक्टर म्हणाले. "आपण होऊन बरं व्हायला आलेल्या माणसावर ती करावी लागेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती माझी चूक."

मग त्यांनी वही उघडली, लाल दौतीत टाक बुडवला आणि ती रेघ मारली.

"हे काय?" मी उठून उभा राहिलो. "कान बरा झाला ना? भोक बुजलं ना? ऐकू येतंय ना? मग आता बरोबर आकडा लिहा!"

"आताचा लिहीन. आधीचा कुठून आणू? किती फरक पडला हे मला सांगायचंय, आणि कुठून सुरुवात झाली तेच मला माहीत नाही."

"मी सांगतो ना! तिसरी रेघ!"

"तुम्ही सांगता," ते शांतपणे म्हणाले.

"म्हणजे माझा कान खोटा?"

"कान खरा आहे. उत्तम आहे. इतका सुंदर बुजलेला पडदा मी पाहिलेला नाही. फक्त तो तुमच्या डोक्याला लावलेला आहे."

मी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली. नर्सबाई धावत आल्या. मी म्हटलं, सहा महिने येतोय, जळजळ सोसली, पहिलं पान माझं आहे. ते म्हणाले, पान तुमचंच राहील, फाडणार नाही, पण मोजणार नाही. अर्धा तास मी त्यांच्याशी घासाघीस केली. निम्मं मोजा म्हटलं. तळटीप घाला म्हटलं. त्या माणसाने एक तसू सोडला नाही. एवढं सौम्य बोलणारं आणि एवढं न हलणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही.

निघताना दारात म्हणालो, "आणि ती बाई?"

"तिला आजच निरोप धाडतो," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी ये म्हणून. कागद ठेवणार. मात्र तिला आकडे विचारायचे नाहीत. तीसुद्धा गवत विकते ना?"

तेव्हापासून त्या खोलीत आकडे बंद झाले. डॉक्टर खडूच्या रेघेवर उभे राहून भाज्यांची नावं कुजबुजायला लागले. वांगं, दुधी, पडवळ, शिराळं. भाजीचं नाव कोणी उतरवून सांगत नाही. हा फरक माझ्यामुळे झाला. पुढे त्यांनी या कामावर इंग्रजीत एक लेख लिहिला, छापून आलेला कागद मी मागून घेतला आणि एका मास्तरांकडून वाचून घेतला. त्यात धवलारणीचा कान आहे, इतरांचे आहेत. माझ्याविषयी एक ओळ आहे. परीक्षेला आकडे वापरू नयेत, व्यापार करणाऱ्या रुग्णाच्या उत्तरांवर विसंबता येत नाही, अशा अर्थाची. मास्तरांनी ती मला दोनदा वाचून दाखवली. पहिल्यांदाच ऐकू आली होती.

तिचं काम माझ्याइतकं सहज झालं नाही. भोकं मोठी होती. उन्हाळा आणि पावसाळा गेला, कागदांवर कागद झाले. डावा कान पूर्ण बुजला. उजव्यात बारीक फट राहिली ती राहिलीच. दसऱ्याला मी गवत ठरवायला गेलो तेव्हा तिने भाव सांगितला आणि मी सवयीने उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस?"

"आयकलंस तू," ती म्हणाली. नुसती बसून राहिली. मला तिच्या भावाच्या फार जवळ जावं लागलं. वखारीपर्यंत परत येताना मी स्वतःवर चरफडत होतो. वीस वर्षांचं हत्यार बोथट झालं होतं, आणि ते मीच ठाण्याला जाऊन बोथट करून घेतलं होतं.

माघात तिच्या गावात लग्न होतं. तिने डॉक्टरांना बोलावलं आणि मलाही. खाडीच्या अंगाला मांडव, शेणाने सारवलेलं अंगण, वर नारळाच्या झावळ्या. डॉक्टर कोट घालून सतरंजीवर अवघडून बसले होते. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला बसलो, म्हणजे माझा उजवा कान त्यांच्याकडे.

"डॉक्टरसाहेब, त्या रेघेचं..."

"गप्प बसा," ते म्हणाले. "ऐका."

ती उभी राहिली. हिरवं लुगडं, डोक्याला फडकं नाही. मागे बायका बसलेल्या, त्यांत त्या हसणाऱ्या पोरीही असाव्यात. तिने पहिली ओळ म्हटली. आवाज जाड, जुना, थोडा चिरलेला. बायकांनी ओळ उचलली. ती थांबली. मान किंचित डावीकडे कलवून, चांगला कान मागे करून, ती थांबून राहिली. बायकांची ओळ लांबली, वळली, उतरत उतरत संपली. आणखी एक श्वास गेला. मग तिने दुसरी ओळ म्हटली.

शेजारी डॉक्टरांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

हळद लागली, तांदूळ पडले, एकही ओळ दुसरीवर चढली नाही. दिव्याहून आलेली एक म्हातारी तिथेच तिच्याजवळ जाऊन पुढच्या महिन्याचं लग्न सांगून गेली. मग ती पदराने मान पुसत आमच्याकडे आली.

"कसा जाला?" तिने मला विचारलं.

माझ्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं. बरं होतं, आवाज जरा बसला होता, असलं काहीतरी. मी ते गिळलं. "फार चांगलं झालं, बाय. कुठे चुकलं नाही."

"मंग पुडच्या दसऱ्याला गवताला वाडवून दे," ती म्हणाली आणि वाढायला निघून गेली.

आम्ही जेवायला बसलो. पंगतीत आरडाओरडा, पोरांची धावाधाव, मांडवाबाहेर वाजंत्री. डॉक्टर पत्रावळीकडे बघत, घास चावता चावता, माझ्या उजव्या बाजूने काहीतरी पुटपुटले. ओठही धड हलले नाहीत.

"लाल भोपळा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. बरोबर होतं. मी त्यांच्या कोटाच्या खिशाकडे बघितलं, तिथे छोटी वही होती, पेन्सिलही होती. त्यांनी हात तिकडे नेला नाही. भाताचा दुसरा घास घेतला.